पहिला अलकसंग्रह: ४६ पैकी किती ठेवू?

तिसरा_मजला | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे सहा-सात वर्षं वाचतेय, लिहिते कमी. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी उचलून हलवावा.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मैत्रिणीने अलक लिहायचा खेळ सुरू केला. (अलक म्हणजे अति लघु कथा. इथे बहुतेकांना माहीत आहे, तरी नव्या लोकांसाठी.) रोज एक शब्द द्यायचा, रात्री दहाच्या आत त्यावर गोष्ट टाकायची. तीन महिन्यांत ग्रुप पुन्हा शुभ सकाळवर आला. मी मात्र लिहीत राहिले. पतसंस्थेत कॅशला बसते. दुपारी दोन ते अडीच काउंटरवर कुणी नसतं. रद्द झालेल्या पैसे भरायच्या स्लिपा पडलेल्या असतात, त्यांच्या मागे लिहायची सवय लागली. स्लिपमागे मावेल तेवढीच गोष्ट. त्यामुळे साठ-सत्तर शब्दांपलीकडे कधी गेलेच नाही.

आता दोनशेच्या वर झाल्यात. त्यातल्या घरातल्या आणि घराजवळच्या माणसांवरच्या ४६ निवडल्यात. नवरा-बायको, सासू-सून, बहीण-भाऊ, वरच्या मजल्यावरच्या काकू, कामाच्या मावशी, एक रिक्षावाले. पुस्तक काढायचं ठरलंय, पहिलंच. एका प्रकाशकांकडे गेले होते, त्यांनी बाड उघडलंसुद्धा नाही, ५०० प्रती तुम्हीच विकत घ्या म्हणाले. मग म्हटलं आपलं आपणच छापू.

अडचण अशी की एकेक वाचली तर बरी वाटते, आणि ४६ सलग वाचल्या की मलाच जांभया येतात. कुठल्या काढू? तीन खाली देतेय, मुद्दाम तीन तऱ्हेच्या. झोडपा.

*यूपीआय*
भाऊबीजेला भावाने ५०१ पाठवले. खाली लिहिलं, "पोचले का?"
तिने लिहिलं, "पोचले."
"तू कधी पोचणार?" हे टाइप करून तिने खोडलं.

*डबा*
अबोल्याचा चौथा दिवस. तिने डबा भरून ओट्यावर ठेवला, त्याने उचलला.
संध्याकाळी तिने पिशवीतून डबा काढला. आज तो आतून-बाहेरून धुतलेला होता.
तिने चहा टाकला. दोन कप.

*मीठ*
सासूबाई हल्ली आमटीत मीठ घालायला विसरतात. पानं घ्यायच्या आधी मी गुपचूप घालते.
परवा मुद्दाम घातलं नाही. सासऱ्यांनी पहिला भुरका मारला, वाटी खाली ठेवली, जरा थांबले.
म्हणाले, "वा! आज जमलीये."

---

साडेचारची_लोकल | सोमवार, रात्री ११:४१

डबा आवडली. उभ्याने, एका हाताने वाचता येईल असं पुस्तक पाहिजेच आहे. दुसरा हात वरच्या कडीला असतो.

रानभेंडी | मंगळवार, सकाळी ६:५०

मला तर बाप्पा यूपीआयनेच रडवलं. माझा भाऊ पुण्यात, मी नागपुरात. यंदा ५०१ पण उशिराच आले. अभिनंदन ताई, पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा).

खडूस_वाचक | मंगळवार, सकाळी ९:१५

झोडपा म्हणालात म्हणून लिहितो.

यूपीआय काढा. 'पोचले' आणि 'पोचणार' ही कोटी आहे, गोष्ट नाही. अलकचा रोग हाच. शेवटच्या ओळीत फटाका लावायचा, वाचकाने "अरे!" म्हणायचं आणि पुढे ढकलायचं. ग्रुपवर ते चालतं, कारण तिथे दिवसाला एक येते, तीही दोन गुळगुळीत सुविचार आणि एका दाढदुखीच्या उपायाच्या मध्ये. पुस्तकात पाचव्या गोष्टीपासून वाचक फटाक्याची वाट बघायला लागतो. दहाव्या गोष्टीला तो आधी शेवटची ओळ वाचतो. तुमच्या जांभयांचं कारण हे आहे, गोष्टींची संख्या नाही.

डबा चांगली आहे, पण संपल्यावर अजून एक ओळ चालते. धुतलेला डबा घरी आला की झाली गोष्ट. चहा वाचकाला करू द्या.

मीठ मला कळली नाही. म्हणजे कळली, पण पटली नाही. सासरे गोड बोलले म्हणून आपण विरघळायचं? सासूबाई त्यात कुठे आहेत?

रानभेंडी | मंगळवार, सकाळी ९:३२

खडूसकाका, तुम्हाला बहीण नाही वाटते.

खडूस_वाचक | मंगळवार, सकाळी ९:३५

तीन आहेत. तिघींनाही यूपीआय आवडेल. म्हणूनच काढा म्हणतोय.

तिसरा_मजला | मंगळवार, दुपारी २:१०

काका, दोन कप काढायला जीव जातोय. ती ओळ मला सगळ्यांत आधी सुचली होती, डबा नंतर आला. पण काढून वाचून बघितली. बरोबर आहे तुमचं. (हेही स्लिपमागेच लिहिलं आधी.)

मीठबद्दल मात्र नाही पटलं. ती माझ्या घरात घडलेली आहे, अक्षरशः.

खडूस_वाचक | मंगळवार, दुपारी २:२६

घडलेली आहे हा बचाव कोर्टात चालतो. कथेत नाही.

जुनी_वही | मंगळवार, सायंकाळी ५:०५

धागा चांगला चाललाय. अलक हा व्हॉट्सॲपचा शोध आहे अशी जी समजूत असते तिच्याबद्दल थोडं.

मराठीत घरातली माणसं पान-दीड पानात पकडायचं काम शंभर वर्षांपूर्वी झालेलं आहे. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे 'दिवाकर'. पेशाने शिक्षक. १९११ पासून नाट्यछटा लिहायला लागले, आयुष्यभरात ५१ लिहिल्या आणि १९३१ मध्ये गेले. ५१! तिसरा मजला यांच्या ४६ च्या आसपासच. इंग्रज कवी ब्राउनिंगच्या काव्यातली स्वगतं वाचून त्यांना हा घाट सुचला म्हणतात, पण उतरलं ते अस्सल पुणेरी घरातलं बोलणं. युक्ती बघा. बोलणारं माणूस एकच. समोरचा काय म्हणाला ते कुठेच लिहिलेलं नसतं, बोलणाऱ्याच्या उत्तरावरून आपण ओळखायचं. म्हणजे अर्धी गोष्ट छापलेलीच नाही. आणि बोलणारा स्वतःचंच पितळ उघडं पाडत असतो, ते त्याला माहीत नसतं. फटाका नाही, टाळी नाही.

दुसरं नाव जपानी लेखक कावाबाता. १९६८ चं नोबेल मिळालं ते कादंबऱ्यांसाठी, पण हा माणूस तरुणपणापासून 'तळहातावरच्या गोष्टी' लिहीत होता, शंभर-सव्वाशेच्याही वर, १४० च्या पुढे. जाण्याच्या थोडं आधी, १९७२ मध्ये, त्याने स्वतःचीच सगळ्यांत गाजलेली कादंबरी घेतली आणि तिची एक तळहाताएवढी गोष्ट केली. वाढवायचं सोडा, आयुष्याच्या शेवटी माणूस आपलंच लिखाण आटवत बसला होता. मला हे बासुंदीसारखं वाटतं.

वर्गात मी मुलांना सांगायचो की लहान गोष्ट म्हणजे मोठ्या गोष्टीचा सारांश नव्हे. 'डबा' चार पानांत लिहिली तर ती वाईट होईल. हीच परीक्षा. चार पानांत जी चांगली होईल ती अलक नाही, ती आळस आहे.

चहाटळ | मंगळवार, रात्री ८:१२

हेमिंग्वेची सहा शब्दांची गोष्ट राहिली की! लहान बाळाचे कधीच न घातलेले बूट विकायचे आहेतवाली. मित्रांशी पैज लावून जिंकला होता.

जुनी_वही | मंगळवार, रात्री ८:४०

ती हेमिंग्वेची असल्याचा कसलाही पुरावा नाही. तो १९६१ मध्ये गेला, पैजेची कथा त्यानंतर कितीतरी वर्षांनी छापून आली. आणि तशा धर्तीच्या जाहिराती अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत तो पोरसवदा होता तेव्हापासून होत्या. नाव चिकटलं की गोष्ट पळते, आपल्याकडे पु. लं.च्या नावावर फिरणाऱ्या मजकुरासारखं.

चहाटळ | मंगळवार, रात्री ८:४४

माझं अख्खं कॉलेज या गोष्टीवर निघालं हो सर. 😔

मडगांवचो | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, शेवटी धक्का नसलेली एखादी आहे का तुमच्याकडे? ती टाका बघू. खडूस आणि रानभेंडी दोघांनाही आवडते का पाहू. म्हजी पैज लागली.

तिसरा_मजला | बुधवार, दुपारी २:०५

ही घ्या. मी ४६ मधून काढलेली होती, कारण मैत्रिणी म्हणाल्या "पुढे काय?"

*वरची कडी*
आजोबा होते तोवर दाराची वरची कडी तेच लावायचे. आजीचा हात पोचत नसे.
ते गेल्यावर महिनाभर वरची कडी कुणी लावली नाही. नातीच्या लक्षात आलं. तिने स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दाराशी ठेवलं.
सकाळी स्टूल पुन्हा स्वयंपाकघरात होतं.

रानभेंडी | बुधवार, दुपारी २:४०

काय लिहू. आमच्याकडे पण वरची कडी आहे.

खडूस_वाचक | बुधवार, दुपारी ३:०२

ही पहिल्या पानावर घ्या. आणि जिने "पुढे काय" विचारलं तिला अर्पणपत्रिकेत.

साडेचारची_लोकल | बुधवार, सायंकाळी ५:५५

मला नाही आवडली. क्षमस्व. स्टूल परत नेलं म्हणजे आजीला कडी लावायची नाही, इतपत कळलं. पण का? भीती वाटत नाही म्हणून, की त्यांची जागा कुणी घेऊ नये म्हणून, की आजोबा येतील असं वाटतं म्हणून? लेखकाने काहीतरी धरायला द्यावं ना. दिवसभर ऑफिसात इतरांनी अर्धवट सोडलेली कामंच पुरी करते मी, आता गोष्टीही?

जुनी_वही | बुधवार, सायंकाळी ६:२०

तुम्ही तीन कारणं सांगितलीत. तिन्ही त्या स्टुलावर मावली. :)

फॉर्मवाला | बुधवार, रात्री १०:३०

साहित्यातलं मला कळत नाही, पण कोल्हापुरात बावीस वर्षं छपाईत आहे, म्हणून थोडं कागदाचं बोलतो.

ताई, पुस्तक डेमी आकारात (नेहमीच्या कथा-कादंबरीएवढं) करणार असाल तर फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा धरा. पानं १६ च्या पटीत बसली की काम स्वस्त आणि नीट होतं. नाही बसली तर शेवटच्या अर्धवट फॉर्मचा भुर्दंड. गोष्टी साठ शब्दांच्या, म्हणजे एका पानावर एक. ४६ गोष्टींची ४६ पानं अधिक सुरुवातीची आठ. ५४ होतात, म्हणजे साडेतीनच्या आसपास फॉर्म. एवढं बारीक पुस्तक हातात आलं की लोकांना दवाखान्यातलं माहितीपत्रक वाटतं. स्पष्ट बोललो, राग नसावा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घ्या, तो भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःलाही अर्ज करता येतो. त्याचे पैसे कुणी मागितले तर ते अर्ज भरायची मजुरी मागतायत असं समजा. पुस्तक निघाल्यावर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, १९५४ चा कायदा आहे. स्वतः छापणारे बहुतेक जण ते विसरतात.

अनिवासी_आई | गुरुवार, पहाटे ४:१५

नाव काय देणार आहात संग्रहाला? रेशीमगाठी?

चहाटळ | गुरुवार, सकाळी ७:३०

नात्यांची वीण. क्षण मोरपिशी. मनाच्या ओंजळीत. ओंजळ, कुपी, पाकळ्या, शिंपले यांतलं एक काहीतरी लागतंच, त्याशिवाय मलपृष्ठावर सूर्यास्त टाकता येत नाही.

खडूस_वाचक | गुरुवार, सकाळी ८:५०

पहिल्यांदाच चहाटळशी सहमत. नावात 'नातं' नको. आतल्या गोष्टींच्या नावांकडेही लक्ष द्या. उर्दू कथाकार मंटोचे १९४८ चे फाळणीवरचे तुकडे बघा, काही तर दोन-तीन ओळींचे. तिथे मथळाच अर्धं काम करतो. मथळा एक म्हणतो, खालची ओळ दुसरंच दाखवते, आणि त्या फटीत आपण पडतो. तुमच्या 'डबा'चं नाव डबा आहे, म्हणजे मथळा नुसता बसून पगार खातोय.

मडगांवचो | गुरुवार, सकाळी ११:१०

स्लिपच्या मागे लिहिता ना तुम्ही? मग 'पाठकोरे' ठेवा. आमच्या बाबांच्या ऑफिसातून पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे यायचे. माझी अख्खी प्राथमिक शाळा त्यावर झाली, पुढे सरकारी टायपिंग आणि मागे माझे पाढे.

तिसरा_मजला | गुरुवार, दुपारी २:०३

पाठकोरे!! दादा, हे घेतलं. काउंटरवर मोठ्याने म्हणून बघितलं, समोरचे आजोबा म्हणाले "काय?"

फॉर्मवाला | गुरुवार, रात्री ९:४५

मग एक सुचवू का? प्रत्येक गोष्ट उजव्या पानावर घ्या आणि तिची पाठ खरोखरच कोरी सोडा. नावाला साजेल आणि पुस्तकाला जाडीही येईल. धंद्याचं बोलतोय असं वाटेल, पण वाचायलाही बरं पडेल. दोन गोष्टींच्या मध्ये एक पान श्वास.

हिशोब: एका गोष्टीची दोन पानं. समजा छाटून ३८ गोष्टी राहिल्या, तर त्यांची ७६, अधिक सुरुवातीची ८, झाली ८४. म्हणजे पाच फॉर्म आणि वर चार पानांचं शेपूट. दोन गोष्टी काढा. ३६ ठेवल्या तर बरोबर ८०, पाच फॉर्म पूर्ण. कणा चार-पाच मिलिमीटरचा होईल, त्यावर नाव टाकायच्या भानगडीत पडू नका, वाचायला भिंग लागेल.

खडूस_वाचक | गुरुवार, रात्री १०:०१

४६ च्या ३६. आयुष्यात पहिल्यांदा छापखान्याने माझी बाजू घेतली.

साडेचारची_लोकल | गुरुवार, रात्री १०:२०

अर्धं पुस्तक कोरं, त्याचे पैसे आम्ही द्यायचे? 😀 (हलके घ्या.)

---

तिसरा_मजला | पुढचा मंगळवार, रात्री ११:५०

आठवडाभर गायब होते, माफ करा. घरी एक प्रकार झालाय. सांगू की नको करत होते, पण धागा मीच काढलाय.

३६ निवडल्या. यूपीआय गेली (रानभेंडीताई, सॉरी). शुक्रवारी सगळ्याचं प्रिंट काढून आणलं, स्पायरल लावलं आणि मुद्रितशोधन करायचं म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आमच्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होत्या. घरात छापील काही आलं, अगदी लग्नपत्रिका, तरी लाल पेन घेऊन बसतात. शनिवारी मी कामावरून आले तर बाड टेबलावर त्याच जागी होतं. उघडलं, तर लालेलाल. 'आणि'चा णि दीर्घ झालेला नऊ ठिकाणी पकडलाय. 'पाहीजे'खाली दोन रेघा. एका गोष्टीत मी भाद्रपदात होळी घातली होती, तिथे नुसतं प्रश्नचिन्ह.

'मीठ'च्या पानावर लाल काहीच नव्हतं. पान उलटलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने, बारीक अक्षरात:

"मी विसरत नाही. यांचं प्रेशर वाढल्यापासून निम्मंच घालते. तू वरून घालतेस ते चमच्याच्या आवाजावरून कळतं. ते धरूनच मी घालते."

एवढंच. त्या तेव्हा गच्चीवर कपडे काढत होत्या. खाली आल्या, मला म्हणाल्या, "दूध उतू जाईल बघ." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. चार दिवस झाले.

मी दीड वर्ष ती गोष्ट अशी सांगत होते की त्या विसरायला लागल्यात आणि मी सांभाळून घेते. पतसंस्थेतल्या बायकांना सांगितली, बहिणीला सांगितली, इथे सांगितली. खडूसकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सासूबाई त्यात कुठे आहेत?

रानभेंडी | पुढचा मंगळवार, रात्री ११:५८

अगं बाई.

मडगांवचो | बुधवार, सकाळी ७:०५

थांबा. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही मीठ घातलं नाहीत, त्या दिवशी सासऱ्यांनी निम्म्या मिठाची आमटी खाल्ली आणि वा म्हणाले. त्यांना कळलं की नाही? कळूनही वा म्हणाले असतील तर कुणासाठी?

चहाटळ | बुधवार, सकाळी ७:४०

आणि डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलेल्या माणसाला सूनबाई रोज चोरून मीठ खाऊ घालत होत्या. हा अलक नाही, हा गुन्हेअहवाल आहे.

तिसरा_मजला | बुधवार, दुपारी २:०८

चहाटळ, हेच चार दिवस पोटात कालवतंय. तेव्हापासून चमच्याला हात लावलेला नाही.

जुनी_वही | बुधवार, दुपारी ४:३०

वर मी दिवाकरांबद्दल लिहिलं होतं, बोलणारा स्वतःला उघडं पाडतो आणि त्याला ते कळत नाही. तुम्ही ती नाट्यछटा न कळत लिहून बसला होतात. फक्त समोरच्या व्यक्तीने पेन्सिल हातात घेतली. दिवाकरांच्या पात्रांना ही सोय नव्हती.

अनिवासी_आई | बुधवार, सायंकाळी ७:५०

मी बारा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात काकूच्या चिक्कूपणावर लिहिलं होतं. नाव बदललं, गाव बदललं, साडीचा रंग तेवढा तोच राहिला. इकडे न्यू जर्सीत बसून वाटलं, तिला कोण दाखवतंय. पुढच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नाला गेले. पंगतीत काकू वाढायला आली. माझ्या पानात न विचारता चार जिलब्या टाकल्या, वाकून म्हणाली, "हेही लिही." आणि पुढच्या पानाला गेली. आजवर लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

सासूबाईंना विचारल्याशिवाय छापू नका, एवढंच सांगेन.

साडेचारची_लोकल | बुधवार, रात्री ८:३०

विचारायचं कसं पण? त्या बोलल्याच नाहीत त्यावर. मी असते तर ती गोष्ट गुपचूप काढून ३५ केल्या असत्या.

फॉर्मवाला | बुधवार, रात्री ९:१५

३५ नको. ७८ पानं होतात.

खडूस_वाचक | बुधवार, रात्री ९:४०

'मीठ' आहे तशी ठेवा. एक शब्द बदलू नका, चूक आहे तीच राहू द्या. आणि तिची पाठ कोरी ठेवू नका. तिथे सासूबाईंच्या चार ओळी येऊ द्या, त्यांची परवानगी असेल तर. अख्ख्या पुस्तकात तेवढी एकच पाठ भरलेली. वाचकाला तोवर कोरी पाठ बघायची सवय झालेली असेल, तो न बघताच उलटायला जाईल. अडखळेल.

मला कळली नाही म्हणालो होतो, ते मागे घेत नाही. तेव्हा ती अर्धीच होती.

मडगांवचो | बुधवार, रात्री ९:५५

+१. आणि नाव मी दिलंय हे लक्षात असू द्या, एक प्रत फुकट.

फॉर्मवाला | बुधवार, रात्री १०:१०

पेन्सिलीचं अक्षर स्कॅन करून तसंच छापता येईल. पण टाइप करू नका, अक्षरच हवं. स्कॅन ६०० डीपीआयला करा, मोबाइलचा फोटो पाठवू नका, कडेला सावली येते.

तिसरा_मजला | शनिवार, रात्री ११:३५

विचारलं. आज सकाळी भाजी निवडताना. गवार होती, त्यामुळे वेळ होता. मी म्हटलं, "आई, तुम्ही मागे लिहिलंय ते छापू का?" त्यांनी चार शेंगा मोडल्या. म्हणाल्या, "ते घाईत लिहिलंय. अक्षर बरं नाही." मग दुपारी रेघा मारलेल्या कागदावर शाईच्या पेनाने सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून दिलं, खाली तारखेसह, आणि 'प्रेशर' खोडून 'रक्तदाब' केला. मी पेन्सिलीवालंच छापणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नाव घालू का विचारलं, तर सासू म्हणून नको म्हणाल्या. मुद्रितशोधन म्हणून घाल. ते घातलंय.

आज रात्री जेवताना आणखी एक झालं. सासऱ्यांनी दीड वर्षात पहिल्यांदा मीठ मागितलं. सासूबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. बरणी माझ्याजवळ होती, मी सरकवली नाही. ते गपचूप जेवले आणि शेवटी ताक मागितलं. ताकात मी मीठ घालते, हे त्यांना ठाऊक आहे.

खडूस_वाचक | शनिवार, रात्री ११:४८

शेवटचं वाक्य काढा.

रानभेंडी | शनिवार, रात्री ११:५०

नका काढू!!

फॉर्मवाला | रविवार, सकाळी ८:२०

आता कुणीही काहीही काढू नका आणि घालू नका. ८० पानं बसलीयेत. ताई, उद्या दुपारी दोन ते अडीचमध्ये फोन करतो, कागदाचे नमुने पाठवायचेत. आणि ती भाद्रपदातली होळी दुरुस्त केली का?